जुनी बचत योजना बंद कशी करावी?
नवशिक्या अवर सचिवांसाठी सोपं गाइड (स्वाध्यायासह)

अभिनंदन! आपली नेमणूक अर्थ मंत्रालयात झाली आहे, दारावर नावाची पाटी लागली आहे आणि पहिल्याच आठवड्यात टेबलावर एक फाइल येऊन पडली आहे. वर शेरा आहे : ‘योजना कालबाह्य. बंद करण्याबाबत उचित कार्यवाही व्हावी.’ उचित म्हणजे नेमकं काय, हे शेरा मारणाऱ्यानं लिहिलेलं नाही. ते कधीच लिहिलेलं नसतं. म्हणून हे गाइड.

घाबरू नका. योजना सुरू करायला अर्थसंकल्प लागतो, भाषण लागतं, बाकं वाजवणारे खासदार लागतात, पोस्टाच्या भिंतीवर हसऱ्या कुटुंबाचं पोस्टर लागतं. बंद करायला यातलं काही लागत नाही. एक अधिसूचना आणि भरपूर धीर एवढ्यावर भागतं.

सोडवलेलं उदाहरण म्हणून इथे राष्ट्रीय बचत योजना १९८७ घेतली आहे. पोस्टाच्या खिडकीवर तिला ‘एनएसएस ८७’ म्हणतात. ती सुरू व्हायला एक अर्थसंकल्प पुरला, पुरती उरकायला ३८ वर्षं लागली. विद्यार्थ्यांनी हे उदाहरण पाठच करावं, परीक्षेत हमखास येतं.

साहित्य

जुनी योजना, किमान ३० वर्षं मुरलेली : १
खातेदार, सेवानिवृत्त, सही बदललेले : असतील तितके
पासबुकं, शाईनं लिहिलेली : खातेदारांच्या कपाटात सापडतील तितकी
आयकर कायद्यातलं एक कलम, ज्याची बाकी कुणाला आठवण उरलेली नाही : १
राजपत्र : १ अंक
धीर : चवीनुसार

पायरी १ : आधी योजना गोड करून ठेवा

बंद करण्याची तयारी सुरू करतानाच करावी लागते. कडू योजना लोक स्वतःहून सोडून जातात, तिथे अवर सचिवाला काही कामच उरत नाही.

१९८७चा अर्थसंकल्प राजीव गांधींनी मांडला. पंतप्रधान तेच होते आणि अर्थखातंही तेव्हा त्यांच्याकडेच होतं. त्या वर्षीच्या वित्त कायद्यानं आयकर कायद्यात ८०सीसीए हे कलम आलं. त्याचं सार असं : या खात्यात पैसे भरा, भरलेली रक्कम उत्पन्नातून वजा. वर ११ टक्के व्याज. वजावटीची मर्यादा वाढत वाढत वर्षाला ४०,००० रुपयांपर्यंत गेली. आयकराचा वरचा दर तेव्हा ५० टक्के होता. म्हणजे वरच्या टप्प्यातल्या माणसानं शंभर रुपये पोस्टात टाकले, की त्यातले पन्नास सरकारनंच घातल्यासारखं व्हायचं.

मग काय विचारता! मार्च उजाडला की अल्पबचत एजंट ऑफिसात टेबलाटेबलावर फिरायचे, ‘साहेब, ३१च्या आत उरकून टाका’ म्हणून मागे लागायचे. शाळेत पोरांची संचयिका, घरात बाईंचं आरडी, साहेबांचं एनएसएस अशी वाटणीच होती. कलेक्टर कचेरीपासून खाली तलाठ्यापर्यंत अल्पबचतीचं उद्दिष्ट ठरलेलं असायचं. यामागे देशप्रेम होतंच, हिशोबही होता : राज्यात गोळा झालेल्या अल्पबचतीचा मोठा वाटा केंद्र सरकार त्याच राज्याला कर्जाऊ देत असे. जितकी बचत जास्त, तितकं राज्याला कर्ज जास्त. पुण्यात कौन्सिल हॉलच्या आसपास अल्पबचत भवन म्हणून एक सभागृहच आहे. हल्ली तिथे कसलेही कार्यक्रम होतात, पण पाटीवरून त्या काळची तब्येत कळते.

या गोड कलमात एक उपकलम होतं. त्यात म्हटलं होतं, की ज्या वर्षी पैसे काढाल, त्या वर्षी ती रक्कम व्याजासकट तुमच्या उत्पन्नात धरली जाईल. भरताना हे कुणी वाचलं नाही. आपण मात्र ते जपून ठेवावं, पायरी ४ मध्ये लागेल.

पायरी २ : आत यायचं दार लावा, बाहेर जायचं विसरा

१९९२च्या अर्थसंकल्पात डॉ. मनमोहन सिंग यांनी ही वजावट आटोपती घेतली : १ एप्रिल १९९२ पासून भरलेल्या पैशाला ८०सीसीएचा लाभ नाही. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून जवळजवळ त्याच नावाची दुसरी योजना आली, एनएसएस १९९२. तीही १ नोव्हेंबर २००२ पासून नव्या पैशाला बंद झाली. नावं एकसारखी आणि नियम निराळे असले, की पुढची ३० वर्षं खिडकीवर ‘आजोबा, तुमचं ८७चं की ९२चं?’ एवढ्याच प्रश्नावर अर्धा तास निघतो. ही सोय मुद्दाम केलेली नसते, पण उपयोगी पडते.

या पायरीतलं मर्म नीट समजून घ्या. नवा पैसा यायचा थांबला, की अहवालात ‘योजना बंद’ असं लिहिता येतं. खातेदाराच्या पासबुकात मात्र दर ३१ मार्चला व्याज चढत राहतं, म्हणून तो म्हणतो योजना चालू आहे. दोघंही खरं बोलत असतात. असं जोवर चालतं, तोवर फाइल आपल्या टेबलावर राहू शकते आणि आपली बदलीही वेळेवर होऊ शकते.

दुसरं म्हणजे, आवक थांबली की योजनेला मंत्रालयात वाली उरत नाही. उद्दिष्ट नाही, म्हणून कलेक्टर विचारत नाही. कमिशन नाही, म्हणून एजंट फिरकत नाही. उद्घाटन नाही, म्हणून मंत्र्यांनाही रस नाही. उरतो एकटा खातेदार, आणि त्याला तर आपण कुणाकडे बघायचं हेच माहीत नसतं.

पायरी ३ : व्याज चालू ठेवा आणि तेही विसरून जा

सुरुवातीचे ११ टक्के उतरत उतरत १ मार्च २००३ पासून ७.५ टक्क्यांवर आले. तिथे कुणीतरी फाइल बांधून ठेवली असावी, कारण पुढे ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत, म्हणजे साडेएकवीस वर्षं, दर ७.५च राहिला.

दरम्यान जिवंत योजनांचं काय झालं, ते पाहा. एप्रिल २०१६ पासून त्यांचे दर दर तिमाहीला ठरू लागले. एप्रिल २०२० मध्ये मोठी कात्री लागली : पीपीएफ ७.१, राष्ट्रीय बचत पत्र ६.८ आणि ज्यांचा आधार व्याजाचाच, त्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेला ७.४. आणि बंद पडलेल्या एनएसएस ८७ला? ७.५. म्हणजे सप्टेंबर २०२२ पर्यंत अडीच वर्षं, खास ज्येष्ठांसाठी चालू असलेल्या योजनेपेक्षा बंद योजना एक दशांश टक्का जास्त देत होती.

मार्च २००३ मध्ये खात्यात एक लाख रुपये असतील आणि त्यांना कुणी हात लावला नसेल, तर सप्टेंबर २०२४ पर्यंत त्यांचे पावणेपाच लाखांच्या आसपास झाले. आता असं खातं कोण शहाणा बंद करेल? खातेदाराला आळशी म्हणणारे अहवाल आपल्याला वाचायला मिळतील. त्यावर ‘पाहिले’ असा शेरा मारावा. त्या माणसानं गणित केलं होतं आणि ते बरोबर होतं.

पायरी ४ : बाहेरच्या दारावर कर बसवा

आता ते जपून ठेवलेलं उपकलम बाहेर काढा. पैसे काढले की मुद्दल आणि व्याज दोन्ही त्या वर्षीचं उत्पन्न. शिवाय कलम १९४ईई नुसार वर्षाला २,५०० रुपयांच्या वर काढले की पोस्टानंच टीडीएस कापायचा : आधी २० टक्के, जून २०१६ पासून १० टक्के. नोकरीत असताना ज्यानं कर वाचवला, त्याच्याकडून पेन्शनमध्ये तो वसूल करायचा, असा मूळ विचार. तत्त्व म्हणून चुकीचं काही नाही. गंमत पुढे आहे. खातेदार वारला आणि पैसे वारसांना मिळाले, तर त्यांच्याकडून हा कर घ्यायचा नाही, असा खुलासा प्रत्यक्ष कर मंडळानं एका परिपत्रकात केलेला होता. टीडीएसच्या कलमातही वारसांना सूट आहेच.

याचा व्यवहारात अर्थ काय होतो, हे समजण्यासाठी पुढील संवाद मोठ्यानं वाचा. (स्थळ : सीएचं ऑफिस. काळ : २०२१.)

काका : सगळे काढून टाकावेत म्हणतो. वय झालं आता.
सीए : काढले तर सगळे याच वर्षीच्या उत्पन्नात धरले जातील, काका. मुद्दलसुद्धा.
काका : मग दरवर्षी थोडे थोडे?
सीए : तसं करता येईल. पण आज साडेसात टक्के देतंय कोण? राहू द्या.
काका : राहू देऊन करायचं काय?
सीए : म्हणजे, वारसांना मिळाले तर त्यांना कर नाही.
काका : वारसांना म्हणजे, मी...
सीए : चहा घेणार ना, काका?

जगात बचतीच्या पुष्कळ योजना आहेत. पण खातेदारानं हयात असताना खातं बंद केलं तर कर आणि वर गेल्यावर बंद झालं तर माफी, अशी रचना सहजासहजी सुचत नाही. ती सुचायला एक कलम, एक उपकलम, एक परिपत्रक आणि तिन्ही एकत्र ठेवून कधीही न वाचणारे तीन विभाग लागतात.

पायरी ५ : कागद मागा

बंद करायला माणूस आलाच, तर त्याच्याकडे कागद मागावेत. यात पोस्टातल्या क्लार्कचा दोष नसतो. नियम वरून येतात आणि खिडकी त्याच्या वाट्याला येते.

पासबुक जवळून पाहा. ते प्लास्टिकच्या पिशवीत असतं, पिशवीला रबरबँड असतो आणि रबरबँड वितळून पिशवीला चिकटलेला असतो. पुठ्ठ्याच्या आत हातानं लिहिलेल्या नोंदी, प्रत्येकीपुढे गोल शिक्का, शिक्क्यावर पोस्टमास्तरांची आद्याक्षरं. नाव आडनाव आणि दोन आद्याक्षरं इतकंच लिहिलेलं. आधारकार्डावर तेच नाव पूर्ण, पण वडिलांच्या नावातला ऱ्हस्व उकार दीर्घ झालेला. १९८८ साली नमुना सही करताना हात सरसर चालायचा, आता पहिलं अक्षर काढतानाच थरथरतो. क्लार्क सही पडताळतो, मान हलवतो, पुन्हा करायला सांगतो. दुसरी सही पहिलीशीसुद्धा जुळत नाही.

शिवाय खातं उघडलं ते पोस्ट एका गावात, काका आता मुलाकडे दुसऱ्या शहरात. मधल्या काळात पोस्टाचं काम वह्यांवरून संगणकावर गेलं, खाते क्रमांक बदलले. पॅन हवा, आधार हवं, फोटो हवा, पैसे जमा करायला चालू खातं हवं. मोबाइल नंबर जोडलेला हवा आणि तो मोबाइल काकांकडेच हवा, नातवाकडे नको. हे सगळं जमवून काका आले, की सर्व्हर डाऊन असतो. ही पायरी आपल्याला वेगळी करावी लागत नाही, ती आपोआप होते.

पायरी ६ : मुहूर्त धरा

नवशिके इथे हमखास चुकतात. अल्पबचतीला हात लावताना पंचांग आणि निवडणूक आयोगाचं वेळापत्रक दोन्ही शेजारी ठेवावं.

न करण्यासारखं उदाहरण : ३१ मार्च २०२१ला संध्याकाळी सगळ्या अल्पबचत योजनांचे व्याजदर उतरवल्याचा आदेश निघाला. पीपीएफ ७.१वरून ६.४. चार राज्यांत आणि एका केंद्रशासित प्रदेशात निवडणुका चालू होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी जाहीर केलं, की आदेश नजरचुकीनं निघाला होता, तो मागे घेत आहोत. तारीख १ एप्रिल. देशानं हसायचं की नाही, यातच दुपार झाली. परीक्षेत ‘नजरचूक’ या शब्दाचा वाक्यात उपयोग करायला सांगितला, तर हेच उदाहरण लिहावं.

करण्यासारखी उदाहरणं दोन. पहिलं, झटपट : मे २०२०च्या शेवटच्या आठवड्यात, लॉकडाऊनमध्ये, ७.७५ टक्क्यांचे सरकारी बचत रोखे बंद होत असल्याचं कळलं, ते दुसऱ्या दिवशी बँकेचा व्यवहार संपेपर्यंतच्या मुदतीनं. लोक घरात, बँका अर्ध्या उघड्या. दुसरं, मुकाट : सुवर्णरोखे. २०१५च्या पहिल्या मालिकेत २,६८४ रुपये ग्रॅमनं विकलेला रोखा २०२३ मध्ये ६,१३२ रुपयांनी परत घ्यावा लागला, तेव्हा योजना महाग पडतेय हे उघडच झालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक मालिका निघाली आणि नंतर पुढची निघालीच नाही. ‘बंद’ हा शब्द कुणी उच्चारला नाही. लोक पुढच्या मालिकेची वाट पाहत राहिले आणि योजना गेल्याची बातमी त्यांना वर्षभरानं अर्थसंकल्पाच्या वेळी मिळाली.

आता आपलं मूळ उदाहरण. एनएसएसवर १ ऑक्टोबर २०२४ पासून शून्य टक्के व्याज, अशी अधिसूचना २९ ऑगस्ट २०२४ला निघाली. मधे राहिले ३३ दिवस. त्यात ७ सप्टेंबरला गणपती बसले आणि अनंत चतुर्दशी होताच पितृपक्ष लागला. म्हणजे मराठी घरात आधी कुणाला वेळ नव्हता आणि नंतर पंधरवडाभर कुणी महत्त्वाचं काम काढणार नव्हतं. व्याज थांबलं ते सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशी. हा योगायोगच असणार, नवी दिल्लीत कुणी दाते पंचांग पाहून अधिसूचना काढत नाही. पण वारसांना करमाफी असलेली योजना पितृपक्षात आटोपावी, हे औचित्य नाकारता येत नाही.

आणि कळवायचं कसं? राजपत्रात. राजपत्रात छापलं की सगळ्या देशाला कळलं असं कायदा मानतो. ज्या खात्याकडे ही खाती आहेत, ते खातं घरोघरी पत्रं पोचवण्यासाठीच निर्माण झालं आहे, असा मुद्दा एखादा कनिष्ठ सहकारी मांडेल. त्याची नोंद घ्यावी आणि त्याला दुसरी फाइल द्यावी.

पायरी ७ : बंद झालेलं परत सुरू करता येतं, हे विसरू नका

किसान विकास पत्र १९८८ साली आलं. ते कुणीही कुठूनही घेऊ शकतं, हातोहात फिरतं आणि त्यातून काळा पैसा वावरू शकतो, म्हणून रिझर्व्ह बँकेच्या डेप्युटी गव्हर्नर श्यामला गोपीनाथ यांच्या समितीनं ते बंद करायला सांगितलं. ३० नोव्हेंबर २०११ला ते बंद झालं. १८ नोव्हेंबर २०१४ला परत सुरू झालं, शंभर महिन्यांत दामदुप्पट. त्या तीन वर्षांत शेतकरीही बदलला नव्हता आणि काळा पैसाही. बदललं होतं ते सरकार.

याच्या आधीचं इंदिरा विकास पत्र तर आपल्या दृष्टीनं आदर्श होतं. त्यावर नावच नसायचं. ज्याच्या हातात, त्याचं. हरवलं तर गेलं. ते १९९९ साली बंद झालं, तेव्हा खातेदारांना कळवण्याचा प्रश्नच आला नाही, कारण खातेदार कोण हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

अगदी आधुनिक पद्धत हवी असेल, तर महिला सन्मान बचत पत्र पाहा : १ एप्रिल २०२३ला सुरू, ३१ मार्च २०२५ला बंद, दोन्ही तारखा पहिल्याच दिवशी छापलेल्या. ७.५ टक्के, दोन लाखांपर्यंत, दोन वर्षं. घेणाऱ्या बाईला आत जाताना बाहेर कधी पडायचं ते माहीत. इतकं स्वच्छ काम सगळ्यांना जमत नाही, आणि त्यात आपल्यासारख्यांना करायला काही उरतही नाही.

पायरी ८ : उरलेल्या पैशाचं नाव बदला

इतकं करूनही काही पैसे कुणीच न्यायला येत नाहीत. वर्षानुवर्षं बेवारस राहिलेल्या अल्पबचतीसाठी ज्येष्ठ नागरिक कल्याण निधी आहे. २०१६च्या नियमांनुसार खातं निष्क्रिय ठरल्यावर सात वर्षं दावा न झालेले पैसे त्यात जातात. पुढे २५ वर्षांपर्यंत वारस ते मागू शकतात, त्यानंतर ते सरकारचे. ज्येष्ठांनी न नेलेला पैसा ज्येष्ठांच्या कल्याणासाठी. फिरून पैसा त्याच वयोगटात राहतो, फक्त माणसं बदलतात.

अभ्यासक्रमाबाहेरील भाग (परीक्षेला नाही)

चौकस विद्यार्थी विचारतील, की दुसरी पद्धत नाही का? आहे. चार ओळींची आहे, म्हणूनच अभ्यासक्रमात नाही.

एक, पासबुकावरच्या पत्त्यावर पत्र पाठवायचं. दोन, वर्षभर आधीच्याच दरानं व्याज चालू ठेवून तेवढ्या मुदतीत पैसे न्यायला सांगायचं. तीन, जो येऊ शकत नाही त्याच्या घरी पोस्टमन पाठवायचा, नाहीतरी तो त्या गल्लीत रोज जातोच. चार, काढलेल्या पैशावरचा कर माफ करायचा.

यातली चौथी ओळ प्रत्यक्षात आली. १ फेब्रुवारी २०२५च्या अर्थसंकल्पात सांगण्यात आलं, की अनेक ज्येष्ठ आणि अतिज्येष्ठ नागरिकांची एनएसएस खाती फार जुनी आहेत, त्यांवर आता व्याज मिळत नाही, तेव्हा व्यक्तींनी २९ ऑगस्ट २०२४ किंवा त्यानंतर काढलेल्या रकमेवर कर लागणार नाही. माफी मागच्या तारखेपासून लागू झाली, म्हणजे मधल्या महिन्यांत ज्यांचा टीडीएस कापला गेला, त्यांनी तो विवरणपत्र भरून परत मागायचा. आणि ज्यांनी २८ ऑगस्टला, एक दिवस आधी, पैसे काढले, त्यांनी शिस्तप्रिय नागरिक म्हणून कर भरायचा.

व्याज शून्यावर आल्यापासून चार महिन्यांत ही ओळ सुचली. नवा पैसा १९९२ साली थांबला होता. मधल्या ३२ वर्षांत ती कुणाला सुचली नाही, असं नाही म्हणता येणार. अवघड काहीच नव्हतं, पैसेही फारसे जाणार नव्हते. पण बंद पडलेल्या योजनेची फाइल वर पाठवून कुणाचं नाव होत नाही. सुरू करणाऱ्याचा फोटो छापून येतो, नीट बंद करणाऱ्याचा येत नाही. मग ते काम आपसूक खातेदाराच्या अंगावर पडतं. त्याच्याकडे मंत्रालय नाही, कलमं नाहीत, सीए आहे तो चहा विचारतो, आणि वयाच्या ऐंशीव्या वर्षी राष्ट्राची एक योजना त्यानं एकट्यानं जाऊन बंद करायची असते.

स्वाध्याय

प्र. १. रिकाम्या जागा भरा.
(अ) राजपत्रात छापलेलं सर्वांना ______ असं कायदा मानतो.
(आ) एप्रिल २०२० मध्ये ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर ______ आणि बंद योजनेचा दर ______ होता.

प्र. २. चूक की बरोबर ते सांगा.
(अ) नवे पैसे घेणं थांबवलं म्हणजे योजना बंद झाली.
(आ) खातेदारानं खातं चालू ठेवलं, कारण तो विसराळू होता.

प्र. ३. कोण कोणास म्हणाले?
(अ) ‘साहेब, ३१च्या आत उरकून टाका.’
(आ) ‘आजोबा, तुमचं ८७चं की ९२चं?’
(इ) ‘चहा घेणार ना, काका?’

प्र. ४. कारणे द्या.
(अ) पायरी ४ मधल्या सीएनं विषय बदलला.
(आ) कनिष्ठ सहकाऱ्याला दुसरी फाइल देण्यात आली.

प्र. ५. गणित सोडवा.
एका खात्यात ३० सप्टेंबर २०२४ला ४,७५,००० रुपये होते. साडेसात टक्क्यांनी त्यावर दिवसाला सुमारे ९८ रुपये व्याज चढत असे. १ ऑक्टोबरपासून दिवसाला किती चढतं? आजपर्यंत किती बुडाले? (सूचना : पहिल्या उत्तरासाठी कॅल्क्युलेटर लागणार नाही.)

उपक्रम. हा उपक्रम मोठ्यांनी लहानांच्या मदतीनं करावा. घरातलं लोखंडी कपाट उघडा, आतला लॉकर उघडा, विम्याच्या पावत्यांच्या खाली हात घाला. प्लास्टिकच्या पिशवीत एनएसएसचं पासबुक सापडलं, तर ते, आधार, पॅन आणि दोन फोटो घेऊन पोस्टात जा. खातेदार हयात असतील तर त्यांनाच घेऊन जा, आता त्यांनी काढले तरी कर नाही. सही जुळली नाही तर रागावू नका, केवायसी नव्यानं करून घ्या. सर्व्हर डाऊन असेल तर उद्या जा, परवा जा, पण जा. पैसे हातात आले की पूर्ण गुण.